अण्णांच्या बारा बोरची निगा

अण्णांच्या बंदुकीचं सर्वांत जास्त नुकसान खंडेनवमीने केलंय. बंदुकीने उसातली रानडुकरं पाहिली, गोदाकाठची थंडी पाहिली, आजोबांच्या हातून ती एकदा विहिरीच्या कठड्यावर आपटली असंही सांगतात. पण तिच्या अंगावर आज जे डाग दिसतात, त्यांतले बहुतेक पूजेचे आहेत.

नवमीच्या सकाळी ती पाटावर यायची. शेजारी कोयता, विळी, पहार, अण्णांचा मोठा पाना. आत्या अनामिकेचं बोट पाण्यात बुडवून आधी हळद लावायची, मग कुंकू, मग अक्षता. वर झेंडूची घसघशीत माळ, ताजी राहावी म्हणून रात्रभर पाण्यात ठेवलेली. शेवटी सगळ्या हत्यारांवर तुळशीच्या पानाने पाणी. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला-घ्यायला माणसांची रीघ, चहाची आधणं, पोरांचा गोंधळ; बंदूक पाटावरच. एकादशीला कुणाच्या तरी लक्षात यायचं, 'अरे, ती उचला आता.' माळ उचलली की जिथे ओलं फूल टेकलेलं, तिथे विटकरी ठिपके. कोयत्याला त्याचं काही नसायचं. तो उसात गेला की घासून आपोआप लख्ख. बंदूक मात्र त्या ठिपक्यांसकट पुन्हा कपाटात जायची.

डाव्या नळीवर, तोंडापासून वीतभर अलीकडे, झेंडूच्या देठाएवढा खड्डा आहे. त्याच्या शेजारी लांबट पट्टा, कडेला गडद आणि मध्ये फिका. भिंग धरून पाहिलं तर कळतं की हा पट्टा सरळ नाही, किंचित वळलाय, कारण बोट नळीच्या गोलाईवरून फिरलंय. हे आत्याचं कुंकू. कोणत्या सालचं ते कुणालाच माहीत नाही.

बंदूक बर्मिंगहॅमची. दोन नळ्या शेजारी-शेजारी, बाहेरून दिसणारे दोन घोडे, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. आजोबांनी निफाड तालुक्यातल्या शेतावर पीक राखायला म्हणून घेतली. त्यांच्यानंतर अण्णा, अण्णांनंतर वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर. भाऊ म्हणाला, 'ताई, तुझ्याकडेच राहू दे, तुला लोखंडातलं कळतं.' खरं कारण वेगळं होतं. त्याच्याकडे आधीच दोन आहेत, आणि शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच ठेवता येतात. आधी तीन चालायच्या. पण लोखंडातलं कळतं हे खोटं नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टँडर्ड्स रूम सांभाळून निवृत्त झाले.

स्टँडर्ड्स रूम म्हणजे कारखान्याचं देवघर, असं आमचे साहेब म्हणायचे. तिथे स्लिप गेज असतात: घासून-घासून आरसा केलेले पोलादाचे ठोकळे, ज्यांच्यावरून बाकी सगळी मापं तपासायची. खोली 20 अंशांवर, दार बंद, चपला बाहेर. गेजला उघडा हात लावायचा नाही. शॅमॉय कातड्याने उचलायचा, काम झालं की पुसून व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा आणि पेटीत ठेवायचा. काही जणांच्या घामात खार इतका असतो की त्यांनी संध्याकाळी उचललेल्या गेजवर सकाळी अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या दिसतात. पोलीस शोधतात तसला ठसा, फक्त गंजाचा. अशी माणसं आम्हाला ठाऊक असत आणि त्यांना आम्ही गोड बोलून दुसरं काम देत असू. खंडेनवमीला खाली शॉपमध्ये लेथना हार घातले जायचे, कुंकवाचे टिळे लागायचे, आणि ताट घेऊन मंडळी वर माझ्याकडे यायची. पेटीला कुंकू लावा, गेजला नाही, एवढं एकच वाक्य मी दरवर्षी म्हणायचे.

या गेजचा जन्मच बंदुकीच्या कारखान्यातला आहे. कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनमधल्या एस्किलस्टुनाच्या सरकारी रायफल कारखान्यातला तपासनीस. माउझर रायफलींच्या कामासाठी तो जर्मनीत ओबर्नडॉर्फला गेला, तिथे प्रत्येक मापासाठी वेगळं गेज असलेली ढिगभर कपाटं पाहिली, आणि थोड्याच ठोकळ्यांच्या जोडण्यांतून हजारो मापं काढण्याची कल्पना त्याला 1896 मध्ये सुचली. म्हणजे अण्णांची बंदूक घरी आली तेव्हा माझ्या दृष्टीने ती परकी वस्तू नव्हतीच. पोलाद तेच, घाम तोच, आणि कुंकू घेऊन येणारी माणसंही तीच.

आत्याशी मात्र 'पेटीला लावा' हे चाललं नाही. ती आता नव्वदीकडे झुकली आहे आणि तिच्या मते पूजा शस्त्राची, पेटीची नव्हे. शेवटी तोडगा तिच्याच भाषेत निघाला. 'आत्या, देवीला खण ठेवतो तसा हिला ठेवू या का?' ती लगेच खूश. आता बंदुकीवर कोरड्या फडक्याची घडी, त्यावर खण, आणि हळदकुंकू, फूल, पाणी सगळं खणावर. आरती झाली की मी खण उचलते, नळ्या पुसते आणि कपाटात. आत्या शेजारणींना सांगते, 'आमच्याकडे बंदुकीची ओटी भरतात.'

गंजाचं गणित फार अवघड नाही. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की तो होणारच, प्रश्न वेगाचा. 1930 च्या दशकात व्हर्नन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास पोचेपर्यंत लोखंड बऱ्यापैकी शांत असतं, त्यापुढे गंजण्याचा वेग एकदम चढतो. आणि पृष्ठभागावर धूळ किंवा मीठ असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, कारण मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. घामाचा ठसा, कुंकवाचं बोट, दारूची राख, सगळ्यांचा धंदा एकच.

आता नाशिक. घाटावर इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शहरात त्याच्या पाव हिश्शाइतका, त्यामुळे आपण कोरड्या हवेतले अशी इथल्या माणसाची समजूत असते. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात आर्द्रतामापक ठेवून बघावं. काही शे रुपयांत मिळणारं घड्याळाएवढं यंत्र, काटा ऐंशीच्या खाली यायला तयार नसतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट तर सगळ्यात वाईट, कारण पाऊस त्याच भिंतीला झोडपतो आणि ओल आत उतरते. मी पहिलं काम केलं ते म्हणजे कपाट आतल्या भिंतीला हलवलं आणि मागे चार बोटं मोकळी सोडली.

थंडीचा धोका वेगळा आहे आणि तो लोकांना लवकर पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या हवाल्याने पेपरात छापून येतं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा पहाटे शेतावरच्या खोलीतली बंदूक उचलून चुलीपाशी आणली, की गार पोलादावर दवाचा पातळ पदर धरतो. बाहेरून पुसला जातो. घोड्यांच्या आत, दोन नळ्यांच्या मधल्या खाचेत, स्प्रिंगखाली जो धरतो तो कोण पुसणार? अण्णा अशा वेळी बंदूक गोधडीत गुंडाळूनच घरात आणत आणि तासाभराने उघडत. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, विचारायचं राहून गेलं.

निवडणुका हा तिसरा ऋतू. परवानाधारक असाल तर हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो: शस्त्र जमा करा. 2019 च्या विधानसभेला मतदान 21 ऑक्टोबरला होतं. त्या वर्षी पाऊस परतायलाच तयार नव्हता. दिवाळी झाली तरी कोसळत होता, जिल्ह्यातल्या द्राक्षबागा त्यानेच झोपल्या. परवाना तेव्हा अण्णांच्या नावावर होता. त्यांनी नेहमीप्रमाणे कातडी पेटीतून नेऊन दिली. ठाण्यात ती पेटीतून काढली गेली, चापाच्या कडीतून लोखंडी तार ओवून नावाची चिठ्ठी बांधली गेली आणि मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली गेली. परत आली तेव्हा तार जिथे टेकली होती तिथे कडीवर तांबडी रेघ, आणि दस्त्याच्या पत्र्यावर फरशीची ओल जशीच्या तशी छापलेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. तिथे शेकडो बंदुका उभ्या असतात, आणि शिपायाचं काम त्या हरवू न देणं, एवढंच. पण पावती देताना 'हत्यार सुस्थितीत' असं लिहून घेतात, त्या शब्दाचा राग येतो.

2024 ला दोनदा जमा करावी लागली, लोकसभेला उन्हाळ्यात आणि विधानसभेला हिवाळ्याच्या तोंडावर. आता मी ती नेताना नळ्यांत आतून ग्रीसचा पातळ हात देते, बाहेरून मेण, आणि सगळी व्हीसीआयच्या पिशवीत. अंबड-सातपूरमध्ये काम केलेल्यांना ही पिवळसर-निळसर पिशवी सांगायला नको. परदेशी जाणारे पार्ट्स त्यातच बांधतात. प्लॅस्टिकमध्ये मुरवलेलं रसायन सावकाश वाफेने बाहेर पडतं आणि धातूवर अदृश्य थर धरून गंज रोखतं. पिशवीचं तोंड बंद पाहिजे, उघडं असेल तर वाफ निघून जाते आणि ती साधी पिशवी उरते. चिठ्ठी मी स्वतःच सुतळीने पिशवीला बांधून नेते. हवालदार पहिल्यांदा हसले. दुसऱ्या वेळी एकाने विचारलं, 'मॅडम, ह्या पिशव्या कुठे मिळतात?'

कातडी पेटीबद्दल एक वाक्य लिहून पुढे जाते. ती सुंदर आहे, आणि रिकामी असते. कातडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात, कातडं आणि आतलं लोकरी अस्तर ओल धरून ठेवतं, आणि त्या उबेत पोलाद महिनोन्महिने पडून राहतं. स्पंजाची गादी असलेल्या नव्या पेट्याही त्याच माळेतल्या. पेटी प्रवासाला, कपाट मुक्कामाला.

खरी लढाई मात्र घरातल्याच माणसाशी झाली. माझा भाचा अंबडला नोकरीला. त्याने एक दिवस बंदूक हातात घेतली, खड्डे पाहिले, करडे पडलेले भाग पाहिले, आणि म्हणाला, 'मावशी, ही ब्लॅकोडाइज करून टाकू. ओळखीचा आहे. बफ मारून, टाकीत बुडवून संध्याकाळी काळीकुळीत हातात.'

ब्लॅकोडाइझिंग मला काही परकं नाही, आयुष्यभर त्याच टाक्यांच्या वासात काम केलं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण 140 अंशांच्या आसपास उकळत असतं, त्यात पोलाद बुडवलं की पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा, जेमतेम मायक्रॉनभर थर तयार होतो. नट-बोल्टला उत्तम, नव्या एकनळी रायफलीलाही चालतं. पण जोडनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधली पट्टी एकमेकींना जोडलेल्या असतात शिसं-कथलाच्या डाकाने. गरम कॉस्टिक तो डाक खातं. नळ्या तिथेच सुटल्या नाहीत तरी द्रावण पट्टीखालच्या पोकळीत शिरतं, आणि मग पुढची कित्येक वर्षं ते आतून पाझरत राहतं. बाहेरून काळीकुळीत, आतून पोखरलेली.

मग तिच्या मूळच्या नळ्या काळ्या कशा झाल्या? गंजवून. जुने कारागीर नळ्यांवर सौम्य आम्लाचा हात फिरवत, दमट पेटीत टांगून त्यांना मुद्दाम तांबडा गंज चढू देत, मग त्या साध्या पाण्यात उकळत. उकळताना तांबडा ऑक्साइड काळा होतो. वरची मऊ काजळी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे कित्येक फेरे, कित्येक दिवस, तेव्हा कुठे तो निळसर-काळा, मखमली रंग बसतो. त्या थराची स्वतःची राखण करण्याची ताकद फार नसते. तो तेल धरून ठेवतो, आणि राखण तेल करतं. हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, 'म्हणजे आपण ज्याच्याशी भांडतोय त्याचाच कोट तिने घातलाय.' पोरगं हुशार आहे.

बफ मारणं तर त्याहून वाईट. नळ्यांच्या पोटाखाली, सांध्याजवळ, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के आहेत. 1813 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत प्रत्येक नळी जादा दाबाची दारू भरून उडवून तपासली जाई आणि टिकली तर मुकुटाचा ठसा उमटवला जाई. बंदूक कधीची, कोणत्या दारूसाठी, छिद्र किती, हे सगळं त्या ठशांतून वाचता येतं. बफचं चाक फिरलं की अक्षरांच्या कडा वाहून जातात, कोरीव वेलबुट्टी बुजते, नळीची जाडी कमी होते. संग्राहक हे लांबून ओळखतात आणि किंमत तिथेच पडते. शिवाय आपल्याकडे शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. अंबडचा प्लेटिंगवाला कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्या टाकीपाशी ती नेणं हाच गुन्हा. कायद्याचा मला एरवी त्रासच जास्त होतो, पण या एका बाबतीत त्याने बंदूक वाचवली.

नाशिककराला हे पटवणं तसं कठीणच. आपलं गाव तांबट लेनचं. दिवाळीच्या आधी घंगाळं-हंडे चिंचेने घासून लख्ख करणं ही इथली शिस्त, आणि ज्या घरची भांडी काळी त्या घरची बाई आळशी. त्यामुळे घरी आलेला प्रत्येक पाहुणा नळ्या बघून म्हणतो, 'जरा पॉलिश करायची ना.' (दुसरा हमखास प्रश्न, 'जॅक्सनवर झाडलं ते असलंच का?' नाही. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला मारताना अनंत कान्हेरेंच्या हातात ब्राउनिंगचं पिस्तूल होतं, ही छऱ्यांची बंदूक.) तांब्याचा हंडा घासला तर खालून पुन्हा तांबंच निघतं आणि वापर चालू राहतो. बंदुकीवरचा रंग तिच्या जन्माच्या वेळी एकदाच चढलेला असतो. जिथे आजोबांचा तळवा धरायचा तिथे तो उडून पोलाद रुपेरी-करडं झालंय, ते तसंच राहणार. त्या करड्याला संग्राहक दोष मानत नाहीत. जिवंत तांबडा गंज तेवढा शत्रू, त्याला काढायचं.

तो कसा काढते, ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. पॉलिशपेपर नाही, ब्रासो नाही, लिंबू नाही, आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतलं गंज खाणारं जेल तर मुळीच नाही. त्यातलं फॉस्फरिक आम्ल तांबडा गंज खातं तसाच मूळचा काळा रंगही खातं. डागावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि रात्रभर विसरायचं. सकाळी मी भोकाचा पैसा घेते. अण्णांच्या डब्यात असे पुष्कळ होते, 1943 ते 47 मधले, काशाचे. कासं पोलादाहून मऊ, पण सैल गंज खरवडण्याइतकं कडक. नाण्याची कड तिरकी धरून, नखाने मेण खरवडावं इतक्याच जोराने, एकाच दिशेने ओढायची. पहिल्यांदा करकर वाजतं. तेल विटकरी होतं, मग चहाच्या रंगाचं. कान साफ करायच्या काडीने ते टिपून घ्यायचं, नवा थेंब, पुन्हा पैसा. काही वेळाने आवाज बदलतो: करकर थांबते आणि नाणं घसरायला लागतं. तिथे थांबायचं. काडीवर तांबडं येणं बंद झालं म्हणजे काम झालं, मग खड्ड्याच्या तळाशी काळं काही उरलेलं दिसो. ते काळं बसलेलं असतं, त्याला उठवायचं नाही. झेंडूच्या देठाचा खड्डा आता असा काळा आहे. त्याच्यावरून बोट फिरवलं तर लागतो, पण कापसावर काही उतरत नाही.

तेलाबद्दल घरोघरी मतं आहेत. आजोबा खोबरेल वापरत. डिसेंबरात नाशिकला बाटलीतलं खोबरेल थिजतं हे प्रत्येक बाईला माहीत आहे; तेच घोड्यांच्या कळेत थिजतं आणि घोडा जड होतो. उन्हाळ्यात ते खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. खाण्याचं कुठलंच तेल यंत्राला घालू नये. डब्ल्यूडी-40 सगळ्यांचं लाडकं. ते 1953 मध्ये सॅन डिएगोत क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरचं पाणी हटवण्यासाठी तयार झालं, आणि त्या कामात त्याला तोड नाही: बंदूक भिजली तर पहिला फवारा त्याचाच. पण त्यातला मुख्य भाग उडून जाणारा असतो. त्याच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही, आणि वर्षानुवर्षं थर चढवले तर कळेत वार्निशसारखा चिकटा साठतो. शिलाई मशीनचं तेल आतल्या हलत्या भागांना, तेही काडीच्या टोकाने.

बाहेरच्या अंगाला मी मेण लावते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात संग्रहातल्या वस्तूंसाठी रेनेसान्स वॅक्स तयार झालं, खनिज तेलापासून काढलेल्या बारीक कणांच्या मेणाचं. ते आम्लधर्मी नाही, बोटांचे ठसे धरत नाही, लाकडालाही चालतं. महाग आहे, पण डबीभर मेण माझ्या हयातीत संपेल असं वाटत नाही. अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढं मेण, नळीवर इतकं पातळ की लावलंय की नाही शंका यावी. थोडं थांबून कोरड्या तुकड्याने पुसायचं. जाड लावलं तर खाचांत पांढरं साचतं आणि कोरीवकामाची शोभा जाते.

कपाटात सिलिका जेल ठेवते. निळ्या दाण्यांचं असेल तर गुलाबी झालं की ओलं झालं, 120 अंशांच्या आसपास भाजलं की पुन्हा निळं. पण ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. केशरी दाणे मिळाले तर तेच बरे. पूर्वी अण्णा कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. त्याच्या उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम राहायची, आणि तेवढ्यानेही आर्द्रतेचा काटा दहा-पंधराने उतरतो. आता एलईडी आले. उजेड देतात, ऊब नाही. दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. पंचेचाळीस-पन्नासच्या मध्ये काटा राहिला की पुरे. फार कोरडं केलं तर लाकूड आक्रसतं, दस्त्याला चीर जाते.

लहानपणी सगळ्यात चमत्कारिक वाटायचं ते अण्णांचं बार काढून आल्यावरचं वागणं. ते अंगणात बसत, नळ्या दस्त्यापासून सोडवत आणि किटलीतलं उकळतं पाणी नळ्यांतून ओतत. शेजारचे हळहळत, 'अहो, लोखंडाला पाणी?' पण अण्णांचंच बरोबर होतं. काळी दारू जळल्यावर उरणारी राख पोटॅशियमच्या क्षारांची असते, आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेटचं जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, जे मिठाच्याच जातीचं. क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाने पुसलेली नळी चकचकीत दिसते आणि तेलाखाली मीठ हवेतलं पाणी पीत बसतं. मीठ पाण्यानेच जातं. पाणी उकळतं असलं की नळी इतकी तापते की स्वतःच सुकते. मग लगेच तेल. आतून दोन्ही नळ्या आजही आरशासारख्या आहेत. बाहेरून कुंकवाने खाल्लं, आत अण्णांनी काही लागू दिलं नाही.

सध्या माझं काम लाकडावर चाललंय. बंदूक इतकी वर्षं दस्त्यावर उभी, तोंड वर, आणि दर पावसाळ्याआधी कुणीतरी भरभरून तेल घातलेलं. ते तेल गुरुत्वाने खाली उतरत, कळेतून दस्त्याच्या मानेत मुरत गेलं. अक्रोडाची तिथली नस काळी आणि नखाने दबेल इतकी मऊ झाली आहे. आता ती कपाटात उलटी उभी असते, तोंड खाली, जाड नमद्याच्या तुकड्यावर. पाहणाऱ्याला वाटतं चुकून ठेवली. मानेवर मी खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप देते. लेप सुकताना तेल वर ओढून घेतो आणि पांढऱ्याचा पिवळसर-तपकिरी होतो. झाडायचा, पुन्हा द्यायचा. मान पुरेशी कोरडी झाली की तळहातावर बेलतेलाचे दोन-तीन थेंब घेऊन लाकडावर चोळणार. पेंटच्या दुकानातलं हे जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून लाकडाला चांगलं आणि कळेला विष. त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. मी ती गॅलरीतल्या दोरीवर एकेक पसरून वाळवते.

भाच्याने परवा लेप पाहून विचारलं, अजून किती वेळा द्यायचा. मागच्या लेपापेक्षा हा फिका आला आहे, म्हणजे तेल कमी होतंय. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा काही कळत नाही. दिवाळीनंतर हवा सुकली की नखाने दाबून बघेन.